तीन आणे, पंधरा आणे आणि आमच्या घरचा हिशोब

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "हे विरोधक नुसता आरडाओरडा करतात, काम काही होऊ देत नाहीत." आमचे घरही त्याला अपवाद नाही. माझे दीर हे वाक्य म्हणतात, शेजारच्या खाला म्हणतात, आणि कॉलेजात जाणारा भाचा तर मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणतो. मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. त्यामुळे हे वाक्य ऐकले की माझ्यातली शिक्षिका जागी होते.

नागरिकशास्त्रात मुले एक ओळ पाठ करतात : मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असते. परीक्षेत तिचा एक गुण मिळतो. पण जबाबदार असते म्हणजे नेमके काय असते? कोणी कोणाला विचारायचे? उत्तर दिले नाही तर काय होते? विचारणारा मूठभर माणसांचा नेता असेल आणि समोर बहुमताचे सरकार असेल, तर त्याच्या विचारण्याने फरक काय पडतो? वर्गात हे सांगताना मी पुस्तकातली व्याख्या बाजूला ठेवत असे आणि १९६३ सालची एक गोष्ट सांगत असे. आज तीच गोष्ट वाचक बंधु-भगिनींना सांगावीशी वाटते, कारण ती शेवटी आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचते.

१९६२ साली चीनबरोबरच्या युद्धात देशाला मोठा धक्का बसला होता. पुढच्या वर्षी लोकसभेच्या काही पोटनिवडणुका झाल्या आणि विरोधी पक्षांचे तीन मोठे नेते निवडून आले. अमरोह्याहून आचार्य कृपलानी, राजकोटहून मिनू मसानी आणि फर्रुखाबादहून समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहिया. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृपलानींनी पंडित नेहरूंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत चर्चेला आलेला हा पहिलाच अविश्वास ठराव. तो मंजूर होणार नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक होते. चार दिवस चर्चा झाली. मतदान झाले तेव्हा ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मते पडली.

मुलांना मी इथे थांबवून विचारत असे, "मग कृपलानी-लोहिया हरले की जिंकले?" सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "हरले!" मी म्हणे, "थांबा, अजून हिशोब व्हायचा आहे."

त्या चर्चेत लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांनी एक आकडा मांडला. या देशातील २७ कोटी माणसे दिवसाला सरासरी तीन आण्यांवर जगतात, आणि त्याच देशाच्या पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप होता. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४४ कोटी होती. म्हणजे दर दहांतल्या सहा माणसांबद्दल ते बोलत होते. पंतप्रधान नेहरू उत्तर द्यायला उठले. नियोजन आयोगाच्या आकड्यांचा आधार घेऊन त्यांनी सांगितले की तीन आणे हा आकडा चुकीचा आहे, माणशी उत्पन्न दिवसाला सुमारे पंधरा आणे आहे.

आकडा दोघांनीही दिला होता, पण लोहियांनी नेमकी त्यातली गोम पकडली. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. त्या सरासरीत गिरणीमालक होते, मोठे जमीनदार होते, बडे व्यापारी होते आणि शेतमजूरही होता. मालकाचे उत्पन्न आणि त्याच्या हमालाचे उत्पन्न एकत्र करून दोनाने भागले, तर हमाल कागदावर श्रीमंत होतो. त्याच्या ताटात मात्र भाकरीचा एक तुकडाही वाढत नाही. लोहियांचे म्हणणे इतकेच होते की खालच्या साठ टक्के माणसांचा हिशोब वेगळा मांडा.

सप्टेंबरमध्ये लोकसभेने या एकाच विषयावर पुन्हा चर्चा केली. या वेळी नियोजन खात्याची धुरा सांभाळलेले मंत्री गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या थरातील लोकांसाठी जो आकडा सांगितला तो पंधरा आण्यांचा नव्हता. तो होता साडेसात आण्यांचा. लोहियांना तोही मान्य झाला नाही, सरकारने तीन आणे शेवटपर्यंत मान्य केले नाहीत. पण सरकारची बाजू पंधरावरून साडेसातवर आली होती. ज्या नेत्याच्या बाजूने सभागृहात पुरती सत्तर मतेही नव्हती, त्याच्या एका प्रश्नाने सरकारला गरिबाचा हिशोब वेगळा मांडायला लावले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा शिकवली त्या दिवशी संध्याकाळी अम्मीला विचारले, "६३ साली आपल्या घरात दिवसाला किती यायचे?" अम्मी १९६२ मध्ये लग्न होऊन कराडला आली. घरात दादा, दादी, अब्बा, अम्मी, दोन चाचा आणि तीन फुफ्या, अशी नऊ माणसे. फळांची एक हातगाडी. दादा आणि अब्बा आळीपाळीने ती ओढायचे. अम्मी शाळेत गेलेली नाही, पण तिचा तोंडी हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. ती म्हणाली, "तीन रुपये सुटले की चांगला दिवस. पावसाळ्यात दीडसुद्धा नाही."

मी कागद घेऊन बसले. नवे पैसे येऊन तोवर सहा वर्षे झाली होती, पण बाजारात आणि घरात लोक आण्यांतच बोलत. तीन रुपये म्हणजे ४८ आणे. नऊ जणांत वाटले तर माणशी पाच आणे आणि वर थोडे. पंतप्रधानांच्या पंधरा आण्यांप्रमाणे आमच्या घरात रोज ८ रुपये ७ आणे यायला हवे होते. नंदांच्या साडेसात आण्यांप्रमाणे ४ रुपये साडेतीन आणे. लोहियांच्या तीन आण्यांप्रमाणे १ रुपया ११ आणे. चांगल्या दिवशी आमचे घर लोहिया आणि नंदा यांच्या मध्ये कुठेतरी होते आणि पावसाळ्यात लोहियांच्याही खाली.

अम्मीला हे सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे दिल्लीत आमच्याबद्दल बोलत होते? आम्हाला कोणी सांगितलेच नाही."

तिचे ते बोलणे माझ्या मनातून गेलेले नाही. कराडच्या एका बोळातल्या, लोहियांचे नावही न ऐकलेल्या नव्या नवरीच्या डब्यातल्या पिठाबद्दल देशाचा पंतप्रधान आणि एक विरोधी नेता भर सभागृहात वाद घालत होते, आणि पंतप्रधानांना उठून उत्तर द्यावे लागत होते. संसदेला जबाबदार असणे म्हणजे हेच. ही ओळ मी त्यानंतर कधी नुसती पाठ करून घेतली नाही.

आता कोण बरोबर होते? लोहियांचा आकडा फार खाली होता, असे म्हणायला जागा आहे. १९६२ मध्येच तज्ज्ञांच्या एका गटाने किमान जगण्यासाठी माणशी महिना २० रुपये लागतात असे म्हटले होते, म्हणजे दिवसाला साडेदहा आण्यांहून थोडे अधिक. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी १९६०-६१ चे आकडे तपासले. खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, एवढे किमान धरले तरी खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्याच्या खाली होते. महिना १५ रुपये म्हणजे दिवसाला आठ आणे. याचा अर्थ असा की तीन आणे सिद्ध झाले नाहीत, पण पंधरा आण्यांची सरासरी गरिबाचे खरे चित्र दाखवत नव्हती हे नक्की झाले. विरोधी नेत्याचे प्रत्येक विधान खरे असावे असा नियम नाही. त्याचा प्रश्न मात्र खरा असावा लागतो, आणि उत्तर देणाऱ्याला कागद उघडावे लागले पाहिजेत.

हे कागद उघडायला लावण्यासाठी संसदेत जी साधने आहेत, ती आपल्या घरातल्या रीतींपेक्षा फार वेगळी नाहीत. लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. आधी लेखी नोटीस देऊन प्रश्न विचारायचा. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून तोंडी उत्तर देतात, आणि त्यावर लगेच पूरक प्रश्न विचारता येतो. दिवसाला असे २० प्रश्न यादीत असतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. खरी परीक्षा पूरक प्रश्नाची. पहिले उत्तर अधिकारी लिहून देतात, दुसरे मंत्र्याला स्वतःला द्यावे लागते. खात्याचा अभ्यास आहे की नाही, ते तिथे कळते.

मला सर्वांत आवडते ती सरकारी आश्वासनांची समिती. ही समिती लोकसभेत १९५३ पासून आहे. मंत्री सभागृहात म्हणाले की "माहिती गोळा केली जात आहे" किंवा "या बाबीचा विचार करू", तर ते नुसते बोलणे राहत नाही, त्याची आश्वासन म्हणून नोंद होते. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते, नाही झाले तर समिती विचारणा करते. आमच्या घरातही एक मंत्री आहेत. स्वयंपाकघराचे छत गळते हे सांगितले की ते म्हणतात, "बघू." मी हल्ली कॅलेंडरवर तारीख टाकते आणि खाली लिहिते, 'बघू म्हणाले'. छत त्याच महिन्यात दुरुस्त झाले.

पैशांचा हिशोब तपासणारी लोकलेखा समितीही आहे, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याची प्रथा आहे. यात मोठे शहाणपण आहे. ज्याच्या हातात तिजोरी, त्याच्याच हातात तपासणी नको.

विरोधी पक्षनेता या पदाला कायद्याने मान आणि वेतन मिळाले ते १९७७ मध्ये. कायदा केला जनता पक्षाच्या सरकारने. त्यातील कितीतरी मंत्री आणीबाणीत तुरुंगात होते. ज्या पक्षाच्या राजवटीत आपण तुरुंग भोगला, त्याच पक्षाच्या नेत्याला त्यांनी मंत्र्याच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्या वर्षी लोकसभेतले विरोधी पक्षनेते होते आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण. गावात त्यांच्या मंत्रिपदांच्या आठवणी पुष्कळ निघतात. मला मात्र हे पद अधिक महत्त्वाचे वाटते. मंत्री असताना माणसे सलाम करतात, विरोधात बसल्यावर शब्दाचे वजन कळते.

हे पद रिकामेही राहते. लोकसभेत ते मिळवण्यासाठी एका पक्षाकडे एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे ५५ जागा असाव्यात अशी रीत आहे. २०१४ आणि २०१९ मध्ये कोणत्याही विरोधी पक्षाकडे तेवढ्या जागा नव्हत्या. दहा वर्षे ती खुर्ची रिकामी होती. २०२४ मध्ये काँग्रेसला ९९ जागा मिळाल्या आणि राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात उलटे झाले. विधानसभेच्या २८८ पैकी दहा टक्के म्हणजे २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरे मिळाली. लेखी उत्तराला पूरक प्रश्न विचारता येत नाही, हे लक्षात घेतले की काय गमावले ते समजते.

आणि हो, आरडाओरड्याचेही सांगते. माझ्या दिरांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. गोंधळ झाला की सभागृह तहकूब होते, आणि तहकूब सभागृहात कोणत्याही मंत्र्याला उत्तर द्यावे लागत नाही. ज्या विरोधकाला खरोखर जाब विचारायचा आहे, त्याने सभागृह चालावे यासाठी सर्वांत जास्त धडपडायला हवे. पण सभागृह चालवणे ही सरकारचीही जबाबदारी आहे. प्रश्न टाळला गेला की आवाज चढतो, हे आपण घरातही पाहतोच.

हे सारे दूरचे वाटत असेल तर एक जवळचे उदाहरण देते. माझी पुतणी कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. पुढे पीएच.डी. करायची, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मिळवायची, असे तिने ठरवले होते. अल्पसंख्याक समाजातील संशोधक विद्यार्थ्यांसाठीची ही फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये केरळचे खासदार टी. एन. प्रतापन यांनी लोकसभेत त्याबद्दल प्रश्न विचारला. अल्पसंख्याक कार्य मंत्री स्मृती इराणी यांनी उत्तर दिले की २०२२-२३ पासून ही फेलोशिप बंद करण्याचा निर्णय झाला आहे, कारण ती सरकारच्या इतर फेलोशिपशी जुळते आणि त्यांचा लाभ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनाही मिळतो.

बातमी वाचून पुतणी रडली. "प्रश्न विचारून काय मिळाले? फेलोशिप तर गेलीच ना!" असे ती म्हणाली. तिचे दुःख खरे होते. पण मी तिला सांगितले की प्रश्न विचारला म्हणून निर्णय आणि त्याचे कारण, दोन्ही नोंदीवर आले. कारण नोंदीवर आले म्हणजे ते तपासता येते. जी मुलगी दुसऱ्या कोणत्याही राखीव गटात बसत नाही, तिच्यासाठी यांतली कोणती फेलोशिप? आधी किती जणांना मिळत होती, आता त्यांतल्या किती जणांना दुसरी मिळाली? हे पूरक प्रश्न आहेत, आणि ते आपल्या खासदाराकडे पत्राने पाठवता येतात. तिने पत्र लिहिले. उत्तर आले नाही. तिने दुसरे लिहिले. दरम्यान नेटचा अभ्यास थांबवला नाही. आज ती एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक आहे आणि पीएच.डी.साठी नोंदणीच्या खटपटीत आहे. तिसऱ्या पत्राचा मसुदा तिच्या फाइलमध्ये आहे.

आपल्या समाजात प्रश्न विचारण्याबद्दल एक संकोच आहे. सरकारला विचारले तर "कशाला नजरेत यायचे?" आणि आपल्याच माणसाला विचारले तर "संशय घेतेस का?" आमच्या मोहल्ल्यात शिक्षणासाठी एक छोटा निधी आहे. घरोघरी वर्गणी जमते, गरजू मुलांच्या फीला मदत होते. काही वर्षांपूर्वी वार्षिक बैठकीत मी विचारले, "एकूण अर्ज किती आले, मंजूर किती झाले आणि त्यांत मुली किती?" खजिनदार चाचा सज्जन माणूस. त्यांचा चेहरा पडला. "बेटी, माझ्यावर भरवसा नाही?" मी म्हणाले, "चाचा, भरवसा नसता तर वर्गणीच दिली नसती. भरवसा आहे म्हणून तुम्हालाच विचारते."

बैठकीत थोडी कुजबुज झाली. दोघा-तिघांना माझे बोलणे आवडले नाही. पण पुढच्या वर्षी चाचांनी स्वतःहून एक कागद आणला. जमा, खर्च, अर्ज, मंजुरी, सारे त्यावर लिहिलेले. पै न् पैचा मेळ होता. पण त्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. मुलींचे अर्ज मुलांच्या निम्म्यानेही नव्हते. कोणी नाकारले नव्हते, मुलींनी अर्जच केले नव्हते. त्यानंतर जून महिन्यात दर रविवारी आम्ही चौघी जणी अर्ज भरून द्यायला बसू लागलो. आता चाचाच सांगतात, "कागद मांडल्यापासून मला रात्री शांत झोप लागते." जाब विचारल्याने प्रामाणिक माणसाचे काही जात नाही. उलट त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार मिळतात.

सत्ता ही अमानत आहे असे आपण म्हणतो. मग ती देशाची असो, मोहल्ल्याच्या निधीची असो की घरखर्चाच्या डब्याची. अमानत ज्याच्याकडे असते त्याने हिशोब द्यायचा असतो, आणि ज्याची असते त्याने तो मागायचा असतो. मागणारा गप्प बसला तर देणारा हळूहळू मालक होतो. संसदेतला विरोधी नेता हा आपल्या सर्वांच्या वतीने हिशोब मागणारा माणूस आहे. त्याचा पक्ष आपल्याला आवडतो की नाही, हा वेगळा विषय. आज जो सत्तेत आहे तो उद्या विरोधात बसेल, तेव्हा त्यालाही हेच काम करावे लागेल.

म्हणून एक छोटी विनंती. अधिवेशनाच्या काळात एखाद्या दिवशी सकाळी ११ वाजता संसद टीव्ही लावा आणि मुलांना सोबत बसवा. भाषणे नकोत, फक्त प्रश्नोत्तराचा तास बघा. प्रश्न काय होता, उत्तर त्याच प्रश्नाचे होते की दुसऱ्याच कशाचे, आणि पूरक प्रश्नानंतर काय झाले, एवढे मुलांना वहीत लिहायला सांगा. आपल्या खासदाराने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, तेही लोकसभेच्या संकेतस्थळावर पाहता येते. मत मागायला ते दारात येतील, तेव्हा ती वही हाताशी असू द्या.

आणि मुलांनी तुम्हालाच प्रश्न विचारले तर "मोठ्यांना उलट बोलू नये" असे म्हणून त्यांना गप्प करू नका. उलट बोलणे वेगळे आणि विचारणे वेगळे, हा फरक मूल घरात शिकले नाही तर पुढे कोणतेही पुस्तक त्याला तो शिकवू शकत नाही.